बॉक्समधली टोपी

दुपारी दोन वाजता हिल्डा चहाचा थर्मास घेऊन सेंट क्लेअर थिएटरच्या मागच्या गल्लीत शिरली, तेव्हा तिची नणंद लेटी अपेक्षेप्रमाणे पहिल्याच स्टुलावर बसलेली होती आणि अपेक्षेप्रमाणेच तिच्या डोक्यावर ती टोपी होती. तपकिरी, फेल्टची, डाव्या बाजूला तितराचं लांब पीस खोवलेली. लंडनमधल्या कुठल्याही थिएटरची गॅलरी ती टोपी ओळखत असे.

गॅलरीच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या स्वस्त बाकांच्या, रांगेसाठी तेव्हा स्टुलं भाड्याने मिळत. डॅब्स नावाचा एक लंगडा म्हातारा सकाळी सातला भिंतीच्या कडेने ती मांडून ठेवी, स्टुलावर नावाची चिठ्ठी डकवी, आणि मग माणूस दिवसभर कामावर गेला तरी त्याच्या जागेला कुणी हात लावत नसे. लेटी मात्र स्टूल सोडून कधी जात नसे. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी हातमोज्यांच्या दुकानातून रजा घेऊन ती सकाळपासून बसे. गेली चाळीस वर्षं हे चाललं होतं.

"चहा आणलाय मी, लेटीताई," हिल्डा म्हणाली.

"चहा आणलायस की निरोप?"

"दोन्ही."

"मग आधी चहा दे."

हिल्डाने चहा ओतला. लेटीच्या मागे बत्तीस स्टुलं होती आणि त्यांवरचे बत्तीसही लोक वर्तमानपत्रात तोंड खुपसून कान इकडे लावून बसले होते.

"पॉलीन म्हणते, तुम्ही आज आमच्याबरोबर बॉक्समध्ये बसा. आमच्या ऑब्रीचं पहिलं संगीत नाटक. सगळं घर एकत्र पाहिजे."

"पॉलीन म्हणते? की तुझा नवरा म्हणतो?"

"कथबर्ट काही म्हणत नाही. तुम्हाला माहीत आहे."

माहीत सगळ्यांनाच होतं. एकोणीसशे एकतीस साली कथबर्टने स्वतः एक संगीतिका लिहिली होती. टायरॉलच्या डोंगरातली, मेंढपाळांची, आणि त्यात दोन खऱ्या मेंढ्या होत्या. दुसऱ्या अंकात, तिसऱ्या मेंढपाळाचं गाणं सुरू असताना, गॅलरीच्या पहिल्या बाकावर मधोमध बसलेल्या त्याच्या सख्ख्या बहिणीने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर चढवली. गॅलरीत टोपी काढून बसायची रीत होती. नाटक संपायच्या आत लेटीने ती डोक्यावर ठेवली, की तिच्या दृष्टीने नाटक संपलं. आणि लेटीच्या दृष्टीने संपलं, की गॅलरीच्या दृष्टीने संपलं. त्या रात्री मेंढ्यांनासुद्धा हुर्यो ऐकावी लागली. संगीतिका नऊ दिवस चालली. बहीण-भाऊ त्या दिवसापासून एकमेकांशी बोलले नव्हते. लेटी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला येई, आणि सव्वीस वर्षं हिल्डाच्या मार्फत मीठ मागे.

"स्टेजच्या अगदी कडेला टांगलेल्या त्या बॉक्समधून नाटक अर्धंच दिसतं," लेटी म्हणाली. "उजवीकडे कोण मेलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचावं लागतं. पण बॉक्स मात्र सगळ्यांना दिसतो. तो काय बघायला असतो? मिरवायला असतो."

मागच्या स्टुलावरचा एक टपाल खात्यातला माणूस म्हणाला, "अगदी बरोबर बोललात, मिस टिडमार्श."

"तुम्हाला कुणी विचारलं नाही, मिस्टर प्राऊट."

हिल्डाने थर्मासचं झाकण फिरवून लावलं. तिला मनातून वाटत होतं ते पॉलीनच्या योजनेपेक्षा वेगळं होतं. हिल्डाच्या या मुलीने ही योजना आपल्या नगरपालिकेतल्या कामासारखी कागदावर उतरवली होती: आत्या बॉक्समध्ये, आत्या नजरेखाली, आत्या टोपीपासून दूर. पण हिल्डाला एवढंच माहीत होतं, की आज जर लेटीने मुलाच्या, ऑब्रीच्या, नाटकावरही टोपी चढवली, तर कथबर्ट तिला पुन्हा उंबऱ्यात पाय ठेवू देणार नाही. त्याने सकाळी दाढी करताना तसं आरशाला सांगितलं होतं. आणि ऑब्रीचं काय होईल, ते तर बोलायलाच नको. नाटकाच्या कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं: पहिली रात्र पडली, तर शनिवारी पडदा कायमचा.

तेवढ्यात ऑब्री स्वतःच रंगमंचाच्या दारातून बाहेर आला. एकोणतीस वर्षांचा मुलगा, पण चेहरा चुन्यासारखा.

"किती वेळा ओकलास?" आत्याने विचारलं.

"दोनदा."

"चांगलं आहे. तुझा बाप ओकला नव्हता. तिथेच मला शंका आली होती."

ऑब्री हसला आणि तिच्या स्टुलाशेजारी उकिडवा बसला. लहानपणी दर शनिवारी हीच आत्या त्याला गॅलरीत घेऊन जाई, आणि घरी येताना सबंध रस्ताभर नाटकातल्या चाली गुणगुणे. पियानो तो शाळेत शिकला, चाली मात्र आत्याकडून.

"आत्या, तू वरच बस. पॉलीनचं ऐकू नकोस. आणि नाही आवडलं, तर टोपी घाल. खोटं खोटं आवडलेलं मला नको."

हिल्डाला वाटलं, याच्या श्रीमुखात द्यावी.

लेटीने चहाचा कप हिल्डाच्या हातात दिला. मग उठली, स्टुलावरची नावाची चिठ्ठी सोलून काढली आणि पर्समध्ये ठेवली.

"प्राऊट, पुढे सरका. मी खाली चालले."

रांगेत एकदम कुजबुज झाली. चाळीस वर्षांत पहिलं स्टूल रिकामं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"पण आत्या, मी तर म्हणालो—"

"तू खरं बोललास म्हणून चालले. तू लाडीगोडी लावली असतीस तर वर गेले असते. मात्र टोपी माझ्याबरोबर येईल."

टोपीवरून बॉक्सच्या दाराशी पाच मिनिटं वाटाघाटी झाल्या. पॉलीनचं म्हणणं, ती खाली सामानघरात द्यावी. लेटीचं म्हणणं, मग मलाही तिथेच टांगा. शेवटी टोपी लेटीच्या खुर्चीखाली, तिच्या पर्सजवळ ठेवायची आणि शेजारच्या खुर्चीत कथबर्टने बसायचं, असा तह झाला. मागे पॉलीन आणि हिल्डा.

"बाबा, एक डोळा स्टेजवर, एक डोळा टोपीवर," पॉलीन बापाच्या कानात म्हणाली.

"माझे दोन्ही डोळे टोपीवर आहेत," कथबर्ट म्हणाला. "नाटक मी घरी पियानोवर तीन वर्षं ऐकलंय."

राष्ट्रगीताची, राणीसाठीची धून वाजली, सगळे उभे राहिले, सगळे बसले. वर गॅलरीतून एक प्रकारची गुरगुर ऐकू येत होती. पहिल्या बाकावर मधोमध एक जागा रिकामी सोडलेली होती आणि सगळी गॅलरी कठड्यावरून वाकून बॉक्सकडे बघत होती.

"हिल्डा, तुझ्या नणंदेला विचार, तिला तिथून नीट दिसतंय का," कथबर्ट म्हणाला.

"हिल्डा, तुझ्या नवऱ्याला सांग, मला त्याचा कान छान दिसतोय. स्टेज दिसत नाही."

"कथबर्ट, जरा मागे सरक," हिल्डा म्हणाली. निरोप पोहोचवताना त्यातला काटा काढून टाकायची तिला सव्वीस वर्षांची सवय होती.

पडदा वर गेला. लंडनच्या बर्मंडझी भागातला बिस्किटांचा कारखाना, पांढरे झगे घातलेल्या वीस पोरी, आणि भट्टीतून खरीखुरी वाफ. पहिलं गाणं बरं गेलं. दुसरं नुसतंच गेलं. तिसऱ्याला खाली स्टॉल्समध्ये, तळमजल्यावरच्या महागड्या खुर्च्यांत, खोकला सुरू झाला. हिल्डाला खोकल्याचा अर्थ कळत होता. नाटक रंगतं तेव्हा माणसाला खोकला आठवत नाही. एक खोकला उजवीकडे, त्याला उत्तर डावीकडे, मग मधल्या रांगेत एक लांबलचक, घसा साफ करून. सगळ्यांत मागे, पितळी कठड्याला धरून ऑब्री उभा होता. त्याची अंधारातली आकृती हळूहळू खाली सरकत चालली होती.

"पेपरमिंट कोण चोखतंय?" कथबर्टने कुजबुजून विचारलं.

"मीच," हिल्डा म्हणाली. "गप्प बस."

मग कारखान्यातली ती म्हातारी आली. दिवसभर फुटकी बिस्किटं वेगळी काढायचं काम करणारी. तिला नोकरीवरून काढलेलं असतं. मालकाने तिला शेवटच्या दिवशी पगाराऐवजी मोडक्या बिस्किटांची एक पुडी दिलेली असते. वाद्यं थांबली. नुसता एक क्लॅरिनेट. म्हातारीने पुडी उघडली, एक तुकडा उचलला आणि अगदी साध्या आवाजात, जणू स्वतःशीच, गायला लागली:

"मोडलं म्हणून काय झालं? गोड तर तितकंच आहे!"

खोकला थांबला.

हिल्डाने ही चाल शंभरदा ऐकली होती, भांडी घासताना, ऑब्रीच्या खोलीतून. पण इथे ती वेगळीच वाटली. ती कडव्याकडव्याने मोठी होत गेली. एक पोर म्हातारीला येऊन मिळाली, मग चार, मग वीसच्या वीस, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक पुडी. खालच्या मजल्यावर एका गलमिश्यांच्या गृहस्थांचा बूट ताल धरत होता. आणि शेजारी कथबर्ट, टोपीकडे बघायचं विसरून, तोंड उघडं टाकून बसला होता.

मोडक्या बिस्किटांच्या पुड्या टिडमार्शांच्या घरात कुणी विसरलं नव्हतं. कथबर्ट सहा वर्षांचा आणि लेटी चौदाची असताना ती त्याला दर शनिवारी गॅलरीत नेई, पहिलंवहिलं नाटक तिनेच त्याला मांडीवर बसवून दाखवलं, आणि मध्यंतरात दोघांत मिळून एक पुडी. चांगली बिस्किटं त्यांना परवडत नव्हती. ऑब्रीला हे कुणी सांगितलं असणार ते उघडच होतं. बापाने सांगितलेलं नव्हतं.

गाणं संपलं. पूर्ण अंधार झाला आणि पुन्हा उजेड आला. टाळ्यांच्या आधीचा तो एक क्षण, जेव्हा सबंध थिएटरने श्वास आत घेतलेला असतो आणि अजून सोडलेला नसतो, त्या क्षणी लेटी पुढे वाकली आणि तिने खुर्चीखाली हात घातला.

तिला पर्समधला रुमाल हवा होता. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते हिल्डाला मागून कडेने दिसलं. कथबर्टला नाही दिसलं. कथबर्टला फक्त हात दिसला.

"नाही!" तो म्हणाला, आणि झडप घालून टोपी उचलली. लेटीने दचकून वर बघितलं, तिचा हातही नकळत टोपीकडे गेला, आणि कथबर्ट ताडकन उभा राहिला. उंच माणूस, त्याने हात आणखी उंच केला, तिच्या आवाक्याबाहेर.

बॉक्सच्या कठड्याच्या वर, स्टेजच्या दिव्यांच्या लख्ख उजेडात, तितराचं पीस लावलेली तपकिरी टोपी अडीच फूट हवेत उभी राहिली.

वरून कुणीतरी म्हणालं, "टोपी!"

"टोपी! टिडमार्शबाईंची टोपी!"

टाळी पडायची होती ती पडलीच नाही. वर एक बूट आपटला, मग दहा, मग शंभर. गॅलरीच्या लाकडी फळ्या नगाऱ्यासारख्या वाजायला लागल्या. कुणीतरी लांब सुरात हुर्यो सुरू केली. गॅलरीतल्या लोकांचे डोळे त्या गाण्याने भरून आले असणार, पण लेटी टिडमार्शने टोपी उचलली म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं प्रत्येकाला वाटलं. स्टेजवर म्हातारी पुडी हातात धरून तशीच उभी होती. वाद्यवृंदाच्या संचालकाची काठी हवेत होती आणि ती खाली आणावी की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"बाबा, खाली घ्या ती!" पॉलीन किंचाळली.

"खाली घेतली तर ती घालेल!"

"रुमाल!" लेटी म्हणाली. "रुमाल हवा होता मला, गाढवा!"

कथबर्टने बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओले गाल, लाल नाक. मग वर हाताकडे बघितलं. मग गॅलरीकडे. हिल्डाने आपल्या नवऱ्याला तेहतीस वर्षांत इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं, दोन्ही मेंढ्या वाद्यवृंदात उतरल्या होत्या तेव्हासुद्धा नाही.

"लेटी," तो म्हणाला. "लेटी, काहीतरी कर."

हिल्डा निरोप पोहोचवायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की निरोप आधीच पोहोचलाय.

लेटी उठली. तिने भावाच्या हातातून टोपी घेतली, कठड्यावर पोटापर्यंत वाकली, इतकी की पॉलीनने तिचा स्कर्ट मागून दोन्ही हातांनी धरला, आणि हातमोज्यांच्या दुकानात चाळीस वर्षं जपून वापरलेला आवाज एकदाचा मोकळा सोडला.

"प्राऊट! पाय आवरा! ही टोपी मी उचलली नव्हती, माझ्या भावाने उचलली! पडदा कधी पडावा ते त्याला आयुष्यात कधी कळलेलं नाही!"

एकतीस साल आठवणारे बरेच लोक वर होते. आधी हसले ते. मग न आठवणारे हसले. मग खालचे काळ्या कोटांतले लोकही माना वळवून हसायला लागले.

"आणि मी रडत होते!" लेटी ओरडली. "मी! मला रुमालसुद्धा काढू दिला नाही! ते गाणं पुन्हा म्हणा, मला नीट ऐकू आलं नाही, इथून अर्धंच दिसतं!"

आणि टोपी तिने फेकली. ती गोल गोल फिरत, पिसाची शेपटी फडकवत स्टॉल्सच्या कडेवरून गेली आणि वाद्यवृंदातल्या ट्रॉम्बोनवाल्याच्या मांडीवर पडली. त्याने ती उचलून अदबीने बाजूच्या रिकाम्या खुर्चीत ठेवली.

"पुन्हा!" वरून प्राऊटचा आवाज आला. "पुन्हा! पुन्हा!"

काठी खाली आली. क्लॅरिनेट सुरू झाला.

पुढे हिल्डाने आयुष्यभर हे ज्याला त्याला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटे, की आपल्याला सांगता येत नाही. गाणं कुणी लिहिलं ते तिला माहीत होतं. कुठल्या ओळीवर तो अडला होता, कुठल्या ओळीसाठी त्याने जेवणाचं ताट मागे सारलं होतं, सगळं माहीत होतं. पण दुसऱ्या वेळी म्हातारीने "मोडलं म्हणून काय झालं" म्हटलं आणि उरलेली ओळ वरून, चारशे माणसांच्या तोंडून, थोडी बेसूर, थोडी उशिरा, खाली आली, तेव्हा ते गाणं ऑब्रीचं राहिलं नाही.  तिसऱ्या वेळी स्टॉल्सही गायला लागले. गलमिश्यांचे गृहस्थ उभे राहिले होते. चौथ्या वेळी संचालकाने प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि त्यांच्यासाठीच काठी हलवायला लागला. मागे पितळी कठड्यापाशी ऑब्री पूर्ण जमिनीवर बसला होता, दोन्ही हातांनी डोकं धरून, आणि दारावरची बाई त्याला स्वतःच्या ट्रेमधलं आइस्क्रीम भरवत होती.

मध्यंतर झालं तरी कुणी थांबेना. जिन्यावर तेच गाणं, बारच्या रांगेत तेच. दारावरची बाई "व्हॅनिला हवं का" हेसुद्धा त्याच चालीत विचारत होती.

बॉक्समध्ये चौघं चार आइस्क्रीमं घेऊन बसली होती. कथबर्टने लाकडी चमचा दोनदा डब्यात घातला आणि दोनदा रिकामाच बाहेर काढला.

"लेटी," तो शेवटी म्हणाला. "एकतीस साली... तेव्हा पण... म्हणजे तुला थंडीबिंडी वाजत होती का? वर वारा फार असतो. टोपी त्यासाठी...?"

हिल्डाने मनातल्या मनात हात जोडले. एक लहानसं खोटं. त्याच्यासाठी एवढं एक बोला, लेटीताई.

लेटीने चमचा चाटला आणि विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "ते खरंच भिकार होतं, कथबर्ट."

पॉलीनने डोळे मिटले.  आणि मग कथबर्टच्या पोटातून एक आवाज आला. हिल्डाला आधी वाटलं, त्याला कळ आली. तो हसत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आइस्क्रीम पॅंटवर सांडलं.

"मेंढ्या," तो कसाबसा म्हणाला. "तिसऱ्या मेंढपाळाचं गाणं मला स्वतःलाच पाठ होत नव्हतं!"

"मग मला सव्वीस वर्षं कसली शिक्षा केलीस?"

"तू मला विचारायला हवं होतंस, तुला स्वतःला आवडलंय का म्हणून. मी नाहीच म्हटलं असतं. पण तू आधी टोपी घातलीस." त्याने रुमालाने पॅंट पुसली आणि तोच रुमाल बहिणीला दिला. मग खाकरून, नेहमीच्या गंभीर आवाजात, बायकोकडे वळला. "हिल्डा, तुझ्या नणंदेला सांग, रविवारी जेवायला ये म्हणावं."

"हिल्डा, तुझ्या नवऱ्याला सांग," लेटी रुमालात नाक शिंकरत म्हणाली, "मी दर रविवारी येतेच. मीठ तेवढं हाताशी ठेव म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिल्डा बसने निघाली. तिला वर्तमानपत्रं नको होती. पॉलीनने पहाटेपासून सगळी आणून, चांगल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारून जेवणाच्या टेबलावर लावून ठेवली होती. तिला डोळ्यांनी बघायचं होतं. बसचा कंडक्टर तिकीट फाडताना शीळ घालत होता. शीळ तिसऱ्या ओळीशी चुकली, आणि समोर बसलेल्या दूधवाल्याने त्याला ती बरोबर करून दिली. कालची रात्र आणि आजची सकाळ यांच्यामध्ये हे या दोघांनी कुठे ऐकलं असेल, हिल्डाला कळेना. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सगळ्या बसला सांगितलं असतं, की ही चाल माझ्या मुलाची आहे.

सेंट क्लेअर थिएटरच्या खिडकीपासून निघालेली रांग कोपऱ्यावरून वळून, चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. फळ्यावर खडूने नवी सूचना लिहिली होती: नाताळपर्यंतच्या जागा संपल्या. हिल्डा तिथेच फुटपाथवर उभी राहिली आणि गाडीवाल्याने घंटी वाजवेपर्यंत तिला भान नव्हतं.

मग ती मागच्या गल्लीत गेली. डॅब्सची स्टुलं मांडलेली होती. पहिल्या स्टुलावर लेटी. डोक्यावर टोपी, पिसाला मध्येच एक नवी घडी पडलेली.

"लेटीताई! आज कशाला? ऑब्रीने तुमच्यासाठी बॉक्स राखून ठेवायला सांगितलाय. वर्षभरासाठी."

"ऐकलं मी. गुणी पोर आहे." लेटीने पर्समधून कालची नावाची चिठ्ठी काढली, थुंकी लावून पुन्हा स्टुलावर डकवली आणि वर हाताने घट्ट दाबली. "पण बॉक्समधून बघितलेलं मी धरत नाही. आज वरून बघते. मग सांगते."